विषय: टीबी क्लिअरन्स, क्वांटिफेरॉन की एक्स-रे? (उद्यापर्यंत!)

मंडळी,
कॉलेजच्या समाजकार्य कोर्सच्या फील्डवर्कचे कागद उद्या, शुक्रवारी पाचच्या आत चढवायचेत. लाइव्ह स्कॅन (बोटांच्या ठशांची तपासणी) झालं, हेपॅटायटिस बी झालं, टीबीवर घोडं अडलंय. सोमवारी हातावर टोचलं, काल मोजलं तर १२ मिमी. नर्स म्हणते पॉझिटिव्ह, एक्स-रे काढा. टाळता येतो का? इथे कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या आसपास संध्याकाळी उघडी असणारी लॅब कोणाला माहीत आहे?
तृप्ती

---

तृप्ती,
आधी हे विचार की १२ मिमी लाली मोजली की गाठ. लाली मोजायचीच नसते. बोटाला जो कडक फुगवटा लागतो तेवढाच, आणि तोही हाताच्या आडव्या दिशेने. गाठच असेल तरी घाबरू नकोस, आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे आणि ही चाचणी बीसीजीमुळेही फुगते. क्वांटिफेरॉन रक्तावर होते, तिला बीसीजीने फरक पडत नाही. चार छोट्या ट्यूब, प्रत्येकीत १ मिली रक्त. घेतल्यावर त्या दहादा हलवाव्या लागतात. तिथे हयगय झाली की ‘अनिर्णित’ असा रिपोर्ट येतो आणि परत सुई. रक्त १६ ते २४ तास उबवतात, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर बऱ्याच लॅब नमुनाच घेत नाहीत. आज दिलंस तरी उद्या पाचपर्यंत रिपोर्ट हाती पडणं कठीण. प्लेसमेंट को-ऑर्डिनेटरला आजच मेल टाक, लॅब ऑर्डरची प्रत जोड.
वंदना

---

> रक्तावर होते, तिला बीसीजीने फरक पडत नाही

बीसीजीने नाही, पण एमएमआरने (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) पडतो. तृप्ती, काल त्याच भेटीत एमएमआर टोचून घेतलीस का? रुबेलाचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) कमी आला की नर्स लगेच देऊन टाकतात.
अविनाश

---

हो, घेतली ना. डाव्या दंडात. त्याने काय होतं?
तृप्ती

---

एमएमआर जिवंत लस आहे. ती घेतल्यावर काही आठवडे टीबीच्या चाचणीचा प्रतिसाद दबू शकतो, मग ती कातडीची असो की रक्ताची. संसर्ग असूनही निगेटिव्ह येण्याची शक्यता राहते. म्हणून रक्त लसीच्याच दिवशी द्यायचं, नाहीतर चार आठवडे थांबायचं. लसीचा दिवस काल होता, तो गेला. आता घाईने क्वांटिफेरॉन केलीस आणि निगेटिव्ह आली, तर तारखा बघणारी कुठलीही एजन्सी ती परत मागेल. सोमवारचं टोचणं लसीच्या आधीचं, त्यामुळे त्या १२ मिमीला धक्का लागत नाही.

तेव्हा एक्स-रे आणि लक्षणांचा फॉर्म (खोकला, वजन, रात्रीचा घाम) घेऊन काम सुरू करायचं. रक्त चार आठवड्यांनी दे. पॉझिटिव्ह आलीच तर सुप्त टीबीच्या (संसर्ग आहे, आजार नाही) गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलायचं, चार महिन्यांचा रिफॅम्पिनचा कोर्स असतो. प्लेसमेंट त्याने सहसा अडत नाही. पुढच्या बॅचच्या मुलींनो, क्रम लक्षात ठेवा. आधी टीबी, मग एमएमआर.
अविनाश

---

अविनाशदादा, हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे.
पण चार आठवडे थांबायची वेळ आली तर? सिलॅबसमध्ये १२० तास असले तर पंधरा आठवड्यांत आठ-आठ तास. अकराच आठवडे उरले तर जवळजवळ अकरा. एक्स-रेवर आडमुठेपणा नको, हे खरं. तोवर तास आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर भरता येतील का? दर बुधवारी माणसं हवीच असतात.
वंदना

---

कट्टा आमच्या समितीकडे आहे, म्हणून लिहितो. चहा लावायला तृप्तीचं स्वागत आहे. तासांवर सही मात्र आम्ही करणार नाही. कॉलेजचा एजन्सीशी लेखी करार लागतो, पात्र सुपरवायझर लागतो, शिकण्याचा करारनामा लागतो, विमा लागतो. यातलं मंडळाकडे काहीच नाही. शिवाय ज्या काकूंकडे संक्रांतीला तिळगूळ घ्यायला जायचं त्यांच्याबद्दल केस नोट्स लिहायच्या, हे त्या विषयातच चालत नाही.
आणि लाइव्ह स्कॅन ‘झालं’ म्हणजे कोणाच्या नावाने? फॉर्मवरचा ओआरआय नंबर ज्या संस्थेचा, निकाल तिलाच जातो, दुसरीकडे नेता येत नाही. प्लेसमेंट बदलली की ठसे परत.
सुधाकर

---

सुधाकरकाका बरोबर बोलतायत. भर एवढीच की एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असशील आणि वर्क परमिट नसेल, तर बिनपगारीच आणि क्रेडिटसाठीच. पेट्रोलचं कार्ड, गिफ्ट कार्ड, स्टायपेंड, काही घ्यायचं नाही. वकिलाला एकदा विचारून ठेव.

आता मुद्दा सोडून. इथल्या कम्युनिटी कॉलेजांपैकी डिआन्झा आणि फुटहिल क्वार्टरवर (छोट्या सत्रांवर) चालतात, मिशन आणि ओलोनी सेमेस्टरवर. क्वार्टरचं चार युनिटांचं स्टॅटिस्टिक्स सेमेस्टरमध्ये २.६७ होतं, आणि पुढे कोणी तीन मागितले की तिथेच लटकतं. पाच युनिटांचं घ्या, ३.३३ होतात. रहिवासी फी सेमेस्टरच्या युनिटला ४६ डॉलर, क्वार्टरच्या युनिटला ३१. एच-४ वाल्यांनाही वर्षभर राहिल्याचे कागद दाखवले तर हीच फी लागते, भाडेकरार आणि टॅक्सचे कागद जपून ठेवा.
मंजिरी

---

मंजिरी, मूळ प्रश्न वेगळाच आहे. तृप्तीकडे पुण्याचं बी.कॉम. आहे ना? मग ट्रान्सफरची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची, पुढे विद्यापीठात जायला) कशाला? कॅल स्टेट विद्यापीठांत दुसऱ्या बॅचलर्सला बहुतेक ठिकाणी दार बंद असतं. आणि ‘बी.कॉम. सांगायचंच नाही’ असा सल्ला या लिस्टवर पूर्वी दिला गेलाय, तो कृपया कोणी पाळू नये. शिकलेलं सगळं अर्जात जाहीर करावं लागतं. कॉलेजातून सर्टिफिकेट, फील्डवर्क आणि स्टॅटिस्टिक्स घ्या, मग थेट एमएसडब्ल्यूला (समाजकार्याची मास्टर्स) अर्ज. बी.कॉम. चालतं. तीन वर्षांची पदवी चारच्या बरोबरीने धरतात की नाही, ते विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून मूल्यांकन आधी करून घ्या, कोर्सनिहाय, नुसतं पदवीचं नको. पुण्याहून ट्रान्सक्रिप्ट यायला लागणारा वेळ धरा. एक वर्ष वाचवणारी सवलत फक्त बीएसडब्ल्यूवाल्यांना (समाजकार्याची बॅचलर्स) मिळते. पुढे थेरपीच्या परवान्यासाठी ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे आहेतच.
अविनाश

---

दादा, सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही असं नाही. केस मॅनेजर, पीअर सपोर्ट... सगळ्यांना थेरपिस्ट व्हायचं नसतं.
मंजिरी

---

नवीन धागा काढा, ही चर्चा टीबीखाली कोणालाच सापडणार नाही.
सुधाकर

---

एक्स-रे उद्या सकाळी साडेआठला मिळाला. रेडिऑलॉजिस्टची सही असलेला कागद मागून घेते, सीडी पोर्टलवर चढत नाही. काका, ओआरआय बघितला. कॉलेजचा आहे, एजन्सीचा नाही. आता?
तृप्ती