नालाबांध झाले, तरी एप्रिलला टँकर. पाण्याचा ताळेबंद नक्की मांडायचा कसा? (माण तालुका)

माणदेशी_शिवार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातलं गाव आहे. क्षेत्र 900 हेक्टर, लोकसंख्या 1,400, मोठी जनावरं 300, शेरडं-मेंढरं हजारभर. उतारावर सलग समतल चर (पाणी अडवायला समपातळीत खणलेले लांब खड्डे), ओढ्यावर सहा सिमेंट बंधारे, शेतांची बांधबंदिस्ती, सगळं झालंय. दिवाळीपर्यंत विहिरी तुडुंब, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टँकरचा प्रस्ताव तहसीलला. यंदा 20 सप्टेंबरपर्यंत 400 मिलिमीटर पाऊस झाला. शिवारात 35 एकर डाळिंब ठिबकवर, 9 एकर ऊस पाटपाण्यावर, आणि रब्बीला दीडशे एकर ज्वारी धरायची आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद ठेवायचा आहे. हिशेब कसा करतात? की सरळ अजून दोन बंधाऱ्यांची मागणी करावी?

ताळेबंद_खटाव

बंधारे तूर्त बाजूला ठेवा. पाणी अडवण्याचं काम झालंय, वाटण्याचं राहिलंय.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. 900 हेक्टर गुणिले 400 मिमी म्हणजे 36 लाख घनमीटर, आपल्या भाषेत 3,600 टीसीएम (1 टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर). हा आकडा फळ्यावर लिहिला की सभेत सगळे खूश होतात आणि इथंच ताळेबंद बिघडतो. यातलं बहुतेक पाणी ऊन, पिकं आणि गवत परत घेतात, काही ओढ्यानं शिवाराबाहेर जातं. झिजलेल्या काळ्या पाषाणात मुरवण साधारण 4 ते 10 टक्के. 8 धरा: 288 टीसीएम. रब्बी-उन्हाळ्याची खरी पुंजी एवढीच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बंधाऱ्यातला साठा वेगळा आणि विहिरींचा वेगळा धरून बेरीज करणं. बंधाऱ्यातलं पाणीच मुरून विहिरीत येतं. ते दोनदा मोजलं की कागदावर गाव बागायती होतं.

आता देणं बाजू. पिण्या-वापराला माणशी रोज 55 लिटर: 1,400 × 55 × 365 म्हणजे 28 टीसीएम. मोठ्या जनावराला 50 लिटर धरून साडेपाच, शेळ्यामेंढ्यांना 6 लिटरनं सव्वादोन. एकूण 36 टीसीएम. पाऊस जुलैअखेरपर्यंत लांबू शकतो, म्हणून हे पूर्ण वर्षाचंच धरायचं आणि सगळ्यात आधी वजा करायचं.

पाटपाण्यावरचा एक एकर ऊस वर्षाला निदान 8 टीसीएम पितो. म्हणजे साडेतीन एकर उसाचं पाणी आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी सारखंच. सभेत एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे.

बेसाल्ट

वरचा 8 टक्के हा अंदाज आहे. त्याला विहिरींचा ताळा लावल्याशिवाय सभेत जाऊ नका. शिवाराच्या माथ्याला, मध्यावर आणि पायथ्याला मिळून 15-20 विहिरी निवडा. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटनं खूण करा, तिथूनच टेप सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करायची. माप पहाटे, मोटार चालू होण्याआधी; रात्रभर उपसा बंद हवा, नाहीतर पाणी पडलेलं दिसतं. मे अखेरच्या आणि आत्ताच्या पातळीतला फरक म्हणजे चढ.

चढ × विहिरींखालचं क्षेत्र × 0.02. हे 2 टक्के म्हणजे मुरमाड, झिजलेल्या खडकातून प्रत्यक्ष निघणारं पाणी. डोंगर आणि खडकाळ माळ क्षेत्रात धरायचा नाही.

पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापन केंद्रावरचा असेल तर तोही तपासा. आपल्याकडं एका शिवारात धो धो आणि शेजारच्या वाडीत धूळ असं होतं. गाव अटल भूजल या केंद्राच्या भूजल योजनेत आलेलं असेल तर ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक असायला हवा. कुठं अडगळीत पडलाय का बघा. नसेल तर बसवा, पण झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असावी. नोंद रोज सकाळी साडेआठला.

माणदेशी_शिवार

18 विहिरी मोजल्या. सरासरी चढ 2.2 मीटर, विहिरींखालचं क्षेत्र 480 हेक्टर. गुणाकार 211 टीसीएम येतो. 288 धरू की 211?

ताळेबंद_खटाव

कमी येईल तोच. खरिपातला उपसा या चढात दिसत नाही, म्हणून थोडा फरक पडणारच, पण त्या आशेवर पेरणी नको. त्यातलंही पाव पाणी सोडून द्या: काही ओढ्याला पाझरतं, काही विहिरीच्या तळाखाली राहतं. उरले 158. पिण्याचे 36 वजा, राहिले 122.

डाळिंब: एकरी 300 झाडं, सरासरी 25 लिटर, 240 दिवस, म्हणजे 1.8 टीसीएम. 35 एकरांना 63. ऊस: ऑक्टोबर ते मे एकरी साडेपाच धरले तरी 9 एकरांना 50. खात्यात शिल्लक 9. ज्वारीला 6 सेंटिमीटरचं एक संरक्षित (पीक वाचवण्यापुरतं) पाणी म्हणजे एकरी 0.24; दीडशे एकरांना 36. तूट 27 टीसीएम, कांदा अजून धरलेलाच नाही. तुमचा एप्रिलचा टँकर तो हाच.

उलटं बघा. नऊ एकर उसाच्या 50 टीसीएममध्ये 200 एकर ज्वारीला एक पाणी बसतं. आणि ज्वारी म्हणजे कडबा. 300 जनावरं, रोज 6 किलो वाळली वैरण, फेब्रुवारी ते मे 120 दिवस: 216 टन. एकरी 2 टन कडबा धरला तर 108 एकर ज्वारी फक्त दावणीसाठी लागते. ज्वारी करपली की चारा छावणीची वाट बघायची, नाहीतर जनावर बाजारात.

एकच पाणी असेल तर ते 50-55 दिवसांनी, पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी). दोन असतील तर पहिलं 28-30 दिवसांनी. पेरणी 15 ऑक्टोबरच्या पुढं नेऊ नका. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, हलक्या रानाला फुले अनुराधा. मालदांडीही मध्यम जमिनीत चालते. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं करा, भेगा बुजतात आणि ओल टिकते.

येरळाकाठ (खानापूर, जि. सांगली)

आकडे बरोबर आहेत, पण नऊ एकर ऊसवाल्यांना सभेत उभं करून ‘तुमच्यामुळं टँकर’ असं म्हटलं की ताळेबंद तिथंच संपला. हे ऊसवाले बहुधा गावातले कर्तेधर्तेच असतात. आधी त्यांच्या घरी जाऊन बसा. उभा ऊस यंदा काढायला लावू नका. ठिबक घ्या म्हणावं (30-40 टक्के पाणी वाचतं), तुटल्यावर खोडवा (त्याच बुंध्यांचं पुढचं पीक) ठेवायचा नाही आणि नवी लागण करायची नाही, एवढं कबूल करून घ्या. वाचलेलं पाणी कोणाला जाणार हेही त्याच बैठकीत ठरवा. ते मोघम राहिलं तर शेजाऱ्याची मोटार ते उचलते, आणि पुढच्या वर्षी कोणी ऐकत नाही.

वाटप जमिनीवर करायचं की माणसांवर, हा खरा वाद. आमच्या तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या बळीराजा धरणात 1980च्या दशकात भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क धरला गेला. तेवढं जमणार नसेल, तरी ज्यांना विहीर नाही त्यांच्या ज्वारीला एक पाणी विहीरवाल्यानं द्यायचं, वीजबिल घेणाऱ्यानं भरायचं, असा ठराव करता येतो.

बोअरचं: ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याइतका जोर नाही, तो सामाजिक दबाव आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला तो चालला, कारण शेतीच्या बोअरला आणि उसाला बंदी सगळ्यांनाच सारखी होती. कायद्याचा आधार हवा असेल तर सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर-बोअर नको आणि 60 मीटरच्या खाली खोदाई नको, हे दोन मुद्दे ठरावात घ्या. खोल बोअर नवं पाणी आणत नाही. वरच्या थरातलं, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी खाली ओढते.

बेसाल्ट

शेततळ्यांचा उल्लेख नाही, पण डाळिंबवाल्यांची असणारच. 30 × 30 × 3 मीटरचं तळं साधारण 2,200 घनमीटरचं. जानेवारी ते मे रोज 6 मिमी वाफ धरली तर 650-700 घनमीटर उडून जातं, जवळपास तिसरा हिस्सा. ओढ्याच्या पुराचं पाणी भरलं तर ठीक. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. तसं तळं असेल तर ही वाफ त्या डाळिंबाच्या खात्यात मांडा.

चर_आणि_बांध

नव्या बंधाऱ्यांच्या पैशात जुन्या चरांचा गाळ काढा. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चर मीटरमागं 180 लिटर धरतो. 15 सेंमी गाळ बसला की निम्मं गेलं. एप्रिल-मेमध्ये गाळ काढून खालच्या अंगालाच टाका. वरच्या अंगाला टाकला तर पहिल्या वळवात परत चरात येतो. चर फुटतो तो बहुतेक समपातळी चुकल्यामुळं: सगळं पाणी एका टोकाला धावतं. फुटलेल्या जागी नुसती माती लोटून उपयोग नाही, ए-फ्रेमनं (ओळंबा लावलेल्या A आकाराच्या चौकटीनं) किंवा नळीच्या पातळीनं रेषा परत तपासा आणि दर 10-15 मीटरला न खोदलेला आडवा पट्टा ठेवा. भरावावर पावसाच्या तोंडावर पवन्या किंवा स्टायलो या चाऱ्याचं बी, आणि दोन वर्षं चराईबंदी. मेंढपाळांना विचारल्याशिवाय ती बंदी टिकत नाही, वाट कुठून सोडायची ते त्यांच्याशीच ठरवा.

बंधाऱ्यांच्या तळाचा गाळही बघा. बारीक चिकण बसली की पाणी दिसतं भरपूर, मुरत नाही.

माणदेशी_शिवार

आभार सगळ्यांचे. पिण्याच्या विहिरीचं काय? तिच्या 300 मीटरवर दोन बागायती विहिरी आहेत, बऱ्याच जुन्या.

ताळेबंद_खटाव

त्यांना नियम खोदाईचा नाही, उपशाचा लावावा लागेल. पिण्याच्या विहिरीचा व्यास 6 मीटर असेल तर दर मीटरला 28 हजार लिटर, आणि गावाला रोज लागतात 77 हजार. म्हणजे साठा जेमतेम काही दिवसांचा, सगळी भिस्त झऱ्यांवर. एक दिवस उपसा करून रात्रीत किती भरते ते मोजा. बारा तासांत निदान 40 हजार लिटर भरायला हवं. विहिरीच्या आत, जिथून खाली ही भर कमी पडते, तिथं लाल पट्टा मारा. पाणी पट्ट्याला टेकलं की त्या दोन मोटारी बंद, असं दोघांच्या सहीनं ठरावात घ्या, आणि त्यांच्या पिकाला त्या काळात कोणत्या विहिरीचं पाणी द्यायचं तेही त्याच कागदावर लिहा. मापं ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी चारदा, देवळाजवळच्या फळ्यावर खडूनं.