गारठ्यात कुंडीतली नाजूक झाडं कशी जपता?

कोवळी_पालवी:
मदत हवीये. बाल्कनीत जास्वंद, कोलियस (रंगीत पानांचं शोभेचं झाड) आणि एक अडेनियम (जाड, फुगीर खोडाचं) आहे, पावसाळाभर सगळी मस्त होती पण आठवडाभर रात्रीचा गारठा वाढलाय आणि आज सकाळी कोलियस बघितलं तर उकडलेल्या पालकासारखं लोळलेलं. जास्वंदीची पानं पिवळी पडून गळतायत, अडेनियमची पण. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून दोन्ही वेळ घालायला लागले, शिवाय रात्री काळं प्लास्टिक टाकते वरून. सगळी आत आणायला जागा नाही. काय चुकतंय?

मातकट_हात:
पाणी थांबवा आधी!! नुसत्या थंडीपेक्षा थंडीतल्या ओल्या मातीने जास्त झाडं जातात. वाढ मंदावलेली असते, मुळं पाणी ओढत नाहीत, माती वाळत नाही, मग मुळं कुजतात आणि कुजली की पानं अशी माना टाकतात की आपल्याला वाटतं तहान लागलीये, की आपण अजून ओततो. मी अशीच दोन झाडं घालवलीत. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. अडेनियमची पानं गळू देत, ते झोपतंय, म्हणजे थंडीपुरती वाढ थांबवून बसलंय. फक्त खोड दाबून बघा, टणक असेल तर निवांत, पिचपिचीत लागलं तर गडबड आहे.

उनाड_वेल:
वरच्यांशी सहमत. आणि ते प्लास्टिक काढा हो, पानाला जिथे टेकतं तिथेच पान करपतं. चार काठ्या रोवून जुनी चादर टाका, पार खाली फरशीपर्यंत सोडा म्हणजे दिवसाची ऊब आत राहते, सकाळी ऊन आलं की काढायची. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र सगळ्यात वाईट, ढगाळ असेल तर एवढं नाही. जमिनीतल्या मुळांना भोवतीच्या मातीची ऊब असते, कुंडीला चारही बाजूंनी गारवा लागतो, म्हणून कुंड्या भिंतीला चिकटवून घोळक्याने ठेवा, वर छत असेल तर फारच छान, खाली विटा किंवा फळी.

कोवळी_पालवी:
खोड टणक आहे, हुश्श! पण जास्वंदीची कुंडी उचलली तर दगडासारखी जड आणि खालच्या ताटलीत तळं 🙈 आता करपलेल्या फांद्या कापू का? आणि थोडं खत घालू ताकदीला?

मातकट_हात:
दोन्ही नको. छाटलं किंवा खत दिलं की कोवळा फुटवा येतो आणि पुढच्या थंड रात्री पहिला तोच जळतो. करपलेलं दिसायला वाईट दिसतं पण फांदीवरच्या खालच्या डोळ्यांना (जिथून कोंब फुटतात) तेवढाच आडोसा, थंडी सरल्यावर नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसेल तिथपर्यंत कापा. कोलियसचा एखादा शेंडा अजून ताठ असेल तर तोडून पाण्यात ठेवा, आत खिडकीशी. त्याला जागा लागत नाही.

उनाड_वेल:
आत नेताना पानांच्या मागे बघा मात्र. पिठ्या ढेकूण (झाडांवरची पांढरी, कापसासारखी कीड) एकदा घरात आला की सगळ्या झाडांना लागतो.

कोवळी_पालवी:
दोन शेंडे मिळाले. ग्लासात ठेवलेत, बाकीचं गेलं. आज पाण्याचा झारी लपवून ठेवलीये, माझ्यापासूनच.

उनाड_वेल:
"पाण्याची" झारी 😄 बाकी बरोबर केलंत.