बॅकअपचा पासवर्ड आठवत नाही, तीन वर्षांच्या शुगरच्या नोंदी अडकल्यात

शाईदौत: जुना आयफोन पाण्यात पडून कायमचा बंद झाला. रोज सकाळी उपाशीपोटीची शुगर हेल्थ अ‍ॅपमध्ये लिहायचे. कॉम्प्युटरवरच्या साध्या बॅकअपमध्ये हेल्थचा डेटा येत नाही, म्हणून मुद्दाम ‘एन्क्रिप्ट’वर (म्हणजे पासवर्डने कुलूपबंद) टिक केली होती. आता तोच पासवर्ड आठवत नाही. स्क्रीनचा कोड, अ‍ॅपल आयडीचा, लॅपटॉपचा, सगळे घालून झाले. बॅकअपचा फोल्डर उघडला तर आत ०० पासून एफएफपर्यंत नावांचे फोल्डर, फायलींच्या नावांतून काही म्हणजे काही कळत नाही. औषध बदलायच्या आधी डॉक्टरांना जुने आकडे हवेत. एक सॉफ्टवेअर पैसे घेऊन ‘पासवर्ड काढून देतो’ म्हणतंय. घेऊ का?

रिकामी_चौकट: आयक्लाउडमध्ये हेल्थ चालू होतं का? असेल तर नव्या फोनवर आपोआप येईल.

शाईदौत: नाही हो, बंदच होतं.

जुनी_पेटी: ताई, पैसे भरू नका. अशी सॉफ्टवेअरं पासवर्ड काढत नाहीत, एकेक अंदाज लावून बघतात. आयओएस १०.२ पासून प्रत्येक अंदाजाला १ कोटीहून जास्त फेऱ्यांचं गणित करावं लागतं. पासवर्ड बरा असेल तर जन्म जाईल. फोन चालू असता तर ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ करून पुढच्या बॅकअपला नवा पासवर्ड देता आला असता, पण जुना बॅकअप त्यानेही उघडत नाही.

आधी त्या फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मूळ फोल्डरला हात लावू नका. आणि हे सांगा, ती टिक पहिल्यांदा कुठल्या कॉम्प्युटरवर केली होती? पासवर्ड फोनमध्ये बसतो. नंतर कॉम्प्युटर बदलला तरी तोच चालू राहतो. म्हणजे आत्ताचे पासवर्ड घालून उपयोग नाही, तेव्हाचे आठवा.

शाईदौत: भावाच्या मॅकवर! तो अजून चालू आहे.

जुनी_पेटी: मग आशा आहे. त्यावर ‘कीचेन अ‍ॅक्सेस’ (मॅकची पासवर्ड साठवायची तिजोरी) उघडा, ‘आयओएस बॅकअप’ असं इंग्रजीत शोधा. तेव्हा ‘कीचेनमध्ये लक्षात ठेव’ केलं असेल तर नोंद दिसेल. ‘शो पासवर्ड’ केलं की मॅकचा पासवर्ड विचारेल, म्हणून भावाला शेजारी बसवा.

शाईदौत: मिळाला!! मी वापरायचे तोच शब्द, फक्त ‘ओ’च्या जागी शून्य. शंभरदा तरी ‘ओ’ घातला असेन. रडूच आलं. आता नव्या फोनवर रीस्टोर करू?

जुनी_पेटी: फार बरं वाटलं वाचून. पण थांबा, रीस्टोर केलंत तर नव्या फोनवरचं सगळं पुसून जुनं येईल. बॅकअप उलगडणाऱ्या मोफत पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, आहेत. कॉपीवरच चालवा आणि ‘हेल्थडीबी_सिक्युअर’ नावाची एसक्यूलाइट (डेटाबेसची) फाइल बाहेर काढा. आकडे त्यात आहेत. तारखा मात्र १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत असतात. त्या अडल्या तर इथेच विचारा, डॉक्टरांना दाखवण्यासारखा तक्ता आपण मिळून करू.