अश्वशक्ती वाढवण्याआधी प्रोपेलर पाहा

बोटीचे ३०० अश्वशक्तीचे इंजिन ४००पर्यंत नेले की वेगही एक-तृतीयांशाने वाढेल, हा हिशोब मला पटत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावणाऱ्या (प्लेनिंग) बोटीचा वेग साधारणपणे शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन तेच राहिले, तर या बदलातून सुमारे १५ टक्केच वेग हाती लागेल, आणि तोही प्रोपेलर नव्या इंजिनाला साजेसा असेल तरच. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या मर्यादेत येते का, हे आधी तपासावे. प्रोपेलरचा पिच (एका फेरीत तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) एक इंचाने कमी-जास्त केला की साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो, आणि हा प्रयोग इंजिन उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा-मिटणारा दांडा) बदलण्याबाबत मात्र विशेष सावध राहावे. मोटारीसाठी बनवलेल्या, जास्त ओव्हरलॅपच्या (आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप जास्त वेळ एकाच वेळी उघडी ठेवणाऱ्या) कॅममुळे मंद फेऱ्यांवर एक्झॉस्टमध्ये सोडलेले थंडाव्याचे पाणी उलटे सिलिंडरमध्ये ओढले जाऊ शकते (हे बहुधा इंजिन निकामी झाल्यावरच कळते). शिवाय मोटारीचे इंजिन क्वचितच दीर्घकाळ पूर्ण भाराखाली चालते, बोटीचे मात्र सतत चालते. त्यामुळे टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी यंत्रे) बसवताना इंधनपुरवठा, तेलाचे तापमान आणि ड्राइव्हची (इंजिनाची शक्ती प्रोपेलरपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची) सहनक्षमता यांचा विचार एकत्रच करावा लागतो.