साताऱ्यातल्या आपल्या बागेच्या ट्रस्टवर पाच नवे विश्वस्त. बागेत रोज येणारं त्यात कोण आहे?

झारी

परवा एकानं लिहिलं, "आपल्या बागेच्या ट्रस्टला अखेर मोठी माणसं लाभली. आता पैशाची चिंता मिटली, कायापालट बघाच." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

पाच नवे विश्वस्त आले. एक बांधकामवाले, एक सीए, एक डॉक्टर, एक माजी नगरसेवक आणि एक पुण्यात स्थायिक झालेले उद्योजक. पाचही जण भले असतील, माझं कुणाशी वाकडं नाही. पण यांतलं कुणीही मला बागेत दिसलेलं नाही. पहाटे फाटक उघडतं तेव्हा नाही आणि संध्याकाळी घसरगुंडीवर पोरांची झुंबड असते तेव्हाही नाही. उन्हाळ्यात बोअर आटली तेव्हा वरच्या अंगाची रोपं चालायला येणाऱ्या बायकांनी जगवली. घरून बाटल्या आणि कॅन भरून आणायच्या. त्यांतल्या एकीचंही नाव ट्रस्टच्या पाटीवर नाही.

जागा नगरपालिकेची, देखभाल ट्रस्टची. ट्रस्टनं घेतलेल्या निर्णयाचे चटके बसतात ते आम्हाला. पेव्हर ब्लॉकचंच घ्या. आधीच्या मंडळींनी देणगीतून पायवाट केली ती थेट बुंध्यापर्यंत. आळी बुजली. पाऊस पडला की पाणी ब्लॉकवरून वाहत गटारात जातं आणि झाड कोरडंच राहतं. कडेची दोन करंजं शेंड्याकडून वाळत चालली आहेत, जाऊन बघा. त्या बैठकीत खुरपं धरलेला एक माणूस असता तर त्यानं तिथल्या तिथं सांगितलं असतं की बुंध्याभोवती हातभर माती मोकळी सोडा.

माझी मागणी साधी आहे. ट्रस्टवर दोन जागा बागेतल्या माणसांना द्या. एक झाडांचं कळणाऱ्याला, एक रोज येणाऱ्यांपैकी कुणाला तरी. बाकी कुणालाही घ्या.

यादोगोपाळकर

ताई, पेव्हरचं तुमचं म्हणणं रास्त आहे. दिल्लीत हरित लवादानं २०१३ सालीच झाडाभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तरी आपल्याकडे ब्लॉक बुंध्याला भिडवतात.

पण ट्रस्ट कसा चालतो हे तुम्ही जवळून बघितलेलं दिसत नाही. मी बघितलंय, आमच्या पेठेतल्या एका वाचनालयाच्या निमित्तानं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडे तो कुणी दिलाच नाही. दोघे वारले, तिसरे मुलाकडे कायमचे परदेशी गेले आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, तिघांची नावं तशीच. बँकेनं सांगितलं, नोंदीवर आहेत त्यांच्याच सह्या चालतील. मेलेल्या माणसाची सही आणायची कुठून? खात्यात पैसे पडून आणि ग्रंथपालाचा पगार थकलेला. त्या बाईंनी शेवटी शिकवण्या धरल्या.

बागेच्या ट्रस्टचं अगदी असंच व्हायला आलं होतं. आता सीए आलेत, ते आधी हे निस्तरतील. देणगीदाराला करसवलत मिळते ती ८०जीची मान्यता पाच वर्षांनी पुन्हा करून घ्यावी लागते. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, हवा तर सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी लागते, वर्षावर्षाचे ऑडिट झालेले हिशेब लागतात. हे बाटलीनं पाणी घालणाऱ्या हातांनी होणारं काम नाही. राग मानू नका.

झारी

राग आला. बाटलीनं पाणी घालणाऱ्यांत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि दोन मुख्याध्यापिका. हिशेब आम्हालाही कळतो. आम्हाला कुणी विचारलं नाही, एवढंच.

पळसपान

विश्वस्त कोण यापेक्षा त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं ते बघा. पाचही जण हातात कुदळ घेऊन फोटोला उभे राहिले आणि लावलं काय? गुलमोहर. एक नाही, ओळीनं सगळे गुलमोहर!

मादागास्करचं झाड आहे हे. मुळं उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ. आपल्याकडे मे महिन्यात वळीव आला, वारं सुटलं की सर्वात आधी फांदी पडते ती गुलमोहराची. माझ्या भावाच्या गाडीवर पडली. तो तेव्हा दुकानात होता म्हणून वाचला. त्याखाली धड गवत येत नाही आणि वर पाखरू क्वचितच घरटं करतं. सह्याद्रीच्या पायथ्याला राहून आपल्याला पळस, पांगारा, काटेसावर सुचत नाहीत? पांगारा फुलला की मैना, कोतवाल, बुलबुल यांचा दिवसभर बाजार भरतो. ताम्हण तर राज्याचं फूल. बागेत एक तरी ताम्हण आहे का, सांगा.

मे महिन्यातला रंग

गुलमोहरावर घसरलात ते साताऱ्यात! आपल्या गावात १ मे ला गुलमोहर दिन होतो. चित्रकार, कवी त्या झाडाखाली जमतात. मी शाळेत असताना पहिलं जलरंगातलं चित्र तिथं बसून काढलं आणि आज त्याच कामावर माझं घर चालतं. या झाडाचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी उघडपणे सांगतो.

पळस, पांगारा, सावर फुलतात फेब्रुवारी-मार्चात. पांगारा-सावरीला तेव्हा पान नसतं, म्हणजे ऐन ऊन चढताना सावलीही नाही. मे च्या रखरखाटात या शहराला रंग आणि सावली कोण देतं? आणि परदेशी म्हणून हाकलायचं तर चिंच आफ्रिकेची आहे. मिरची अमेरिका खंडातली आहे. त्यांचं काय करायचं ते एकदा सांगून टाका.

पळसपान

हाकला कुणी म्हटलं? आहेत ते राहू देत. नवे लावू नका, इतकंच म्हणतोय. चिंच शेकडो वर्षं इथं रुळली आहे. वटवाघळापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे तिच्यावर जगतात. गुलमोहर लोकांना आवडतो तो मुख्यतः फोटोपुरता. आणि मे महिन्यात बहावा फुलत नाही का? ताम्हण फुलत नाही का? जांभळी फुलं चित्रात चालत नाहीत?

मे महिन्यातला रंग

फोटोपुरता? माझ्या आयुष्याची कमाई तुम्ही फोटोपुरती ठरवलीत. तुमच्यासारखी माणसं झाडांची जात काढायला लागली की मला भीती वाटते.

पळसपान

जात हा शब्द मागे घ्या. मी यवतेश्वरच्या उतारावर दरवर्षी रोपं लावतो आणि वणव्यात त्यांतली निम्मी जळताना बघतो. मला हे ऐकवू नका.

करंजे नाका

दोघंही थांबा जरा. झाड कुठलंही लावा, पण बागेतलं बायकांचं स्वच्छतागृह आधी उघडा. त्याला कायम कुलूप. किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार चहाला. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी बागेत येणं बंद केलं ते याच कारणानं. मुलीला घेऊन मी अर्ध्या तासात परत फिरते. पाच पुरुषांना विश्वस्त करताना हा प्रश्न कुणाच्या डोक्यात तरी आला असेल का? झारीताईंच्या दोन जागांपैकी एक बाईचीच असली पाहिजे, हे माझ्याकडून लिहून घ्या.

यादोगोपाळकर

डॉक्टर बाई आहेत. पाचही पुरुष नाहीत.

करंजे नाका

बरं, चार पुरुष. कुलूप तरीही आहेच.

सदर बझार

गुलमोहर तोडण्याची भाषा कुणी करत असेल तर १९७५ चा झाडांचा कायदा लक्षात ठेवा. पालिकेची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्षात येतं. फाटकाजवळचा मोठा गुलमोहर तेवढा जुना असावा, माझे वडील तरुणपणी त्याखाली बसायचे.

आणि पळसपान, पाखरांचं तुमचं खरं असेल. मी पक्षीवाला नाही. पण बागेत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याच झाडाखालचा बाक लागतो. तो बाक कधी रिकामा नसतो.

माळ्याचा मुलगा

मी लिहिणार नव्हतो. माझे वडील एका बागेत ठेकेदाराच्या हाताखाली माळी होते. बाग कुठली ते सांगत नाही.

वडील म्हणायचे, "आवं, झाड गुलमोहराचं हाय का जांभळाचं, पाणी सारखंच मागतंय. पगार कोण येळेवर देतंय ते इचारा." तीन-तीन महिने पगार नसायचा. बैठकीच्या दिवशी साहेब लोक यायचे, ते चहा न्यायचे आणि दारात उभे राहायचे. एकदा एका साहेबांनी हौसेनं विचारलं, "बोला, काय अडचण आहे?" ठेकेदार शेजारी उभा. वडील म्हणाले, काही नाही साहेब, सगळं बेस आहे. घरी येऊन आईशी बोललेसुद्धा नाहीत.

म्हणून झारीताई, तुमची भावना कळते, पण कामावरच्या माळ्याला विश्वस्त करू नका. ज्याच्या हातून पगार घ्यायचा त्याच्याविरुद्ध तो बोलणार कसा? त्याला नुसता मानाचा फेटा बांधल्यासारखं होईल. जागा द्यायचीच तर निवृत्त माळ्याला द्या. आणि कामावरच्याचा पगार सात तारखेच्या आत थेट त्याच्या खात्यात, ठेकेदार मधून काढून, असा ठराव आधी करा. पीएफही भरा. वडिलांचा कधीच भरला गेला नाही.

झारी

तुमचं म्हणणं मला पटतंय आणि ते मी मागणीत घालते. निवृत्त माळी, कामावरचा नाही. पगाराचा ठराव पहिला.

यादोगोपाळकर

पगार थेट खात्यात, याला माझा शंभर टक्के पाठिंबा. पण त्यासाठी खातं चालू हवं आणि खातं चालू व्हायला बदल अर्ज मंजूर व्हायला हवा. पुन्हा सीएपाशीच आलो.

दोन जागांबद्दल आणखी एक. ट्रस्टच्या घटनेत विश्वस्तांची कमाल संख्या लिहिलेली असते. ती भरली असेल तर वर दोन माणसं घुसवता येत नाहीत, बदल अर्ज फेटाळला जाईल. घटना बदलायची म्हणजे पुन्हा धर्मादाय आयुक्त, पुन्हा तारखा. त्यापेक्षा बागेची एक सल्लागार समिती करा. तिला कुणाची परवानगी लागत नाही, विश्वस्तांचा ठराव पुरतो. त्यात माळी घ्या, बायका घ्या, पळसपानांना घ्या, चित्रकारांनाही घ्या.

झारी

सल्लागार समित्या मी पाहिल्यात, शाळेत पाहिल्या, सोसायटीत पाहिल्या. सल्ला द्यायचा, चहा घ्यायचा आणि विश्वस्तांनी त्यांना हवं तेच करायचं. पेव्हर ब्लॉक टाकताना सल्लागार समितीनं नको म्हटलं असतं तर ते थांबले असते का? मत नसेल तर ती जागा काय कामाची?

यादोगोपाळकर

मग ठरावातच लिहून घ्या की झाडांना आणि पायवाटेला हात लावणारं कुठलंही काम समितीच्या लेखी अभिप्रायाशिवाय सुरू होणार नाही, आणि अभिप्राय डावलला तर कारण इतिवृत्तात नोंदवायचं. इतिवृत्तात कारण लिहायची वेळ आली की माणसं विचार करतात. हे मी वाचनालयात करून घेतलंय आणि ते चाललंय.

पळसपान

या कलमाला माझा पाठिंबा. त्यात एक ओळ घाला: नवी लागवड स्थानिक झाडांचीच.

मे महिन्यातला रंग

मग माझाही विरोध लिहून घ्या.

सदर बझार

अहो, फाटकाजवळचा गुलमोहर कधीतरी जाणारच, झाड आहे ते. त्याच्या जागी एक गुलमोहर, बाकी सगळीकडे ताम्हण-बहावा-करंज. एवढ्यावर दोघांचं जमत नसेल तर बागेची काळजी कुणालाच नाही असं मी समजेन.

पळसपान

एक. फक्त फाटकाजवळ. पायवाटेच्या कडेला आणि बाकांवर फांद्या येतील असा नाही. आणि परवा लावलेली ती ओळ पावसाआधी उचलायची.

मे महिन्यातला रंग

उचलून फेकायची नाही. मी घेऊन जातो, माझ्या भावाचं शेत आहे वाईच्या वाटेवर. फाटकाजवळच्या एकाला मात्र मी हो म्हणतो. नाइलाजानं म्हणतो, हेही नोंदवा.

करंजे नाका

आणि कुलूप?

झारी

कुलूप पगाराच्या लगेच खाली, दुसऱ्या क्रमांकावर. रविवारी सकाळी सात वाजता फाटकाशी कागद घेऊन थांबते. क्रम असा: माळ्याचा पगार आणि पीएफ, स्वच्छतागृह दिवसभर उघडं, बुंध्याभोवतीचे ब्लॉक एक मीटर मागे, समितीचं लेखी अभिप्रायाचं कलम, लागवडीची यादी. विश्वस्तपदाच्या दोन जागांची मागणी मी सोडलेली नाही. घटनेत संख्या किती आहे ते यादोगोपाळकरांनी सीएंकडून काढून आणावं, मग त्यावर बोलू.

यादोगोपाळकर

आणतो. संख्या भरलेली निघाली तर तुम्ही तेव्हाही भांडणार, हे धरूनच आणतो.

माळ्याचा मुलगा

रविवारी मी येतो. पीएफची ओळ मला वाचून दाखवा, मग सही करतो.