प्रभूची प्रार्थना आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी
लेंटमधली (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ) रोजची प्रार्थना म्हणजे फक्त देव आणि आपण, शेजारप्रेमासाठी वेगळा दानधर्म करावा, असं काही जण म्हणतात ते मला अर्धंच पटतं. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, नीट म्हणून बघा, 'मी', 'मला' एकदाही येत नाही, सगळीकडे आमच्या, आम्हांला, म्हणजे भाकर मागताना शेजाऱ्याचीही मागतोच की आपण. आणि बायबलमधे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात ती संपल्यासंपल्या येशू परत क्षमेवरच येतो, बघा 14-15 वचनं.

मागच्या लेंटमधे मी रोज तिच्यातल्या ऋण सोडायच्या, म्हणजे क्षमा करायच्या ओळीला अडकायचो, वरच्या मजल्यावरच्यांशी पाणी गळण्यावरून वर्षभर अबोला होता (चूक त्यांचीच, अजूनही वाटतं). शेवटी त्यांचं नाव घेऊनच प्रार्थना करायला लागलो, आठेक दिवसांनी जिन्यात समोर आले तर तोंडातून आपोआप 'काय, बरंय ना?' निघून गेलं.