घरी बनवलेली लॅन केबल: टेस्टरवर आठही दिवे लागतात, तरी १०० एमबीपीएसवरच अडकते

मुलुंडकर
हॉलमध्ये दाराजवळ फायबरचा डबा आणि राउटर आहे. तिथून आतल्या बेडरूमपर्यंत १८ मीटर केबल टाकायची आहे. बाजारात तयार केबल १५ मीटरची किंवा २० मीटरची मिळते, आणि क्लिप लावलेली केबल भिंतीतल्या पाइपातून जात नाही. म्हणून सुटी कॅट ६ केबल, कनेक्टर आणि क्रिम्पिंग टूल (कनेक्टर तारांवर दाबून बसवायचं हत्यार) आणून घरीच बनवली.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम असा लावला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर १ ते ८ दिवे दोन्हीकडे ओळीने लागतात. लॅपटॉप मात्र कधी १ गिगाबिट दाखवतो, दोन मिनिटांत १०० वर येतो, अधूनमधून जोडणीच तुटते. याच क्रमाने केलेला १ मीटरचा तुकडा व्यवस्थित चालतो. राउटरचे पोर्ट आणि लॅपटॉप तयार केबलवर तपासले, दोन्ही ठीक आहेत. चूक कुठे असेल? केबलमध्ये की कनेक्टरमध्ये?

तांबडी तार
चूक रंगांच्या क्रमात आहे. टेस्टर ती पकडू शकत नाही.

साधा टेस्टर एवढंच बघतो की इकडची १ नंबरची तार तिकडे १ नंबरलाच पोचते का. दोन्ही टोकांना एकसारखा क्रम असेल तर तो कुठलाही क्रम पास करतो. नेटवर्क कार्डाला मात्र तारा जोडीने लागतात, आणि जोड्या ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५, ७-८. तुमच्या क्रमात ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला, ४ वर हिरवा आणि ५ वर पांढरा-निळा. म्हणजे एकच सिग्नल दोन वेगवेगळ्या पिळांमध्ये विभागला गेला. याला स्प्लिट पेअर म्हणतात.

जोडीतल्या दोन तारांतून एकच सिग्नल उलटसुलट जातो. बाहेरचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि पलीकडे वजाबाकीत तो निघून जातो. हे जमायला त्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्या लागतात. तुमच्याकडे हिरव्या आणि निळ्या जोडीचा सिग्नल एकमेकांत गळतो आहे. एका मीटरवर ही गळती खपून जाते, १८ मीटरवर नाही.

बरोबर क्रम (टी-५६८-बी): पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारा फाकतात आणि मध्ये निळी जोडी उलटी बसते, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. कनेक्टरची क्लिप मागे, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे आणि केबल खालून येत असेल, तर १ नंबर डावीकडे.

केबल टाकून देऊ नका. दोन्ही टोकं कापा आणि नव्याने करा:

सगळ्यात आधी रबरी बूट (कनेक्टरच्या मागे बसणारं टोपण) केबलवर सरकवा, नंतर तो जात नाही. बाहेरचं आवरण ३ ते ४ सेंटिमीटर सोला. ब्लेड पूर्ण दाबू नका. हलकी खूण करून आवरण वाकवलं की तिथेच तुटतं. मग आठही तारा वाकवून बघा, एखादीच्या रंगीत आवरणावर चीर दिसली तर ते टोक कापून परत सुरुवात करा. कॅट ६ मध्ये मधोमध प्लॅस्टिकची क्रॉस पट्टी असते, ती आवरणाच्या काठापाशी कापा, आत तारांसोबत येणारा दोराही कापा.

आता पीळ सोडवा, पण पुढे कनेक्टरमध्ये जाईल तेवढाच. मानकानुसार पीळ सुटलेला भाग १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तारा क्रमाने लावा, अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरून डावी-उजवीकडे वाकवत सरळ करा आणि आवरणापासून साधारण १३ मिलिमीटरवर एकाच कापात सपाट तोडा. कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत ढकला. समोरून बघितल्यावर तांब्याचे आठही ठिपके टोकाला टेकलेले दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, दाबपट्टीच्या खाली आलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण त्या आठ बारीक तारांवर येतो आणि चार-सहा महिन्यांत एखादी सुटते. क्रिम्प करायच्या आधी रंग परत एकदा वाचा. टूलची मूठ स्वतःहून सुटेपर्यंत दाबा.

झाल्यावर आठही सोनेरी पट्ट्या एकाच पातळीत आहेत का ते बाजूने बघा. एखादी वर राहिली असेल तर ती राउटरच्या पोर्टातली पिन वाकवते. असा कनेक्टर पोर्टात घालूच नका.

गिरगाव ते ग्रँट रोड
वरच्या निदानाशी सहमत. पण दोन गोष्टी आणखी तपासा, कारण क्रम सुधारूनही काहींची अडचण तशीच राहते.

पहिली: कनेक्टर खरंच कॅट ६ चा आहे का? कॅट ६ ची तार सहसा २३ गेजची, कॅट ५-ई (त्याआधीचा प्रकार) ची २४ गेजची; गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. जाड तार ५-ई च्या कनेक्टरमध्ये जोर लावून घातली की एक-दोन तारा टोकापर्यंत पोचत नाहीत. कॅट ६ च्या बऱ्याच कनेक्टरांत भोकं खाली-वर असतात किंवा तारा ओवायची वेगळी पट्टी येते. शिवाय भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते, लवचीक पॅच कॉर्डची (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार, छोटी केबल) बारीक धाग्यांची. धाग्यांसाठीच्या कनेक्टरची पाती तारेच्या मधोमध घुसते. एकसंध तारेसाठी तीन दातांची पाती लागते, जी तारेला दोन्ही बाजूंनी कवटाळते. चुकीचा कनेक्टर पहिल्या दिवशी चालतो, नंतर दगा देतो. दुकानात ‘सॉलिड केबलसाठी’ असं सांगूनच मागा.

दुसरी: तार तांब्याची आहे का? लॅमिंग्टन रोडवर मीटरने मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बरीच असते. आवरणावर ‘सीसीए’ छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला, पण सगळे छापत नाहीत. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी-चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम. अशी तार दोन-तीनदा वाकवली की मोडते.

मल्टिमीटर असेल तर आणखी पक्की परीक्षा आहे. एका टोकाला निळी जोडी सोलून एकमेकींना जोडा, दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या दोन सळ्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. २० मीटर केबलला २३ गेजचं तांबं असेल तर साधारण २.७ ओहम, २४ गेजला ३.४ च्या आसपास. पिळामुळे तार किंचित लांब असते, तेवढा फरक धरा. मानकाची मर्यादा १०० मीटरच्या एका तारेला ९.३८ ओहम, म्हणजे २० मीटरच्या जाऊन-येऊन फेरीला पावणेचारपर्यंत. आकडा चारच्या वर गेला तर ती केबल भिंतीत घालू नका.

तांबडी तार
ओहमची परीक्षा उत्तम. दुकानातून मल्टिमीटर घेऊन फिरायचं नसेल तर आधी दोन मीटर घेऊन तार खरवडून बघायची आणि मगच बाकीची घ्यायची. आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, त्यावरून लांबीही मोजून घेता येते.

मुलुंडकर
धन्यवाद दोघांनाही. तार खरवडली, आतून तांबडीच आहे. मल्टिमीटरवर २.९ आलं. कनेक्टर मात्र ५-ई चे निघाले, बदलतो.

आता भिंतीचं. हॉल ते बेडरूम असा जुन्या लँडलाइनचा पाइप आहे, आत ती वायर अजून आहे. विजेचा पाइपही त्याच मार्गाने जातो आणि तो जास्त मोकळा आहे. कुठल्यातून नेऊ? शिवाय पुढे गॅलरीत एक कॅमेरा लावायचा आहे, त्याला वीजही याच प्रकारच्या केबलमधून द्यायची आहे. पारदर्शक तोंडाचे, तारा आरपार जाणारे कनेक्टर चालतील का?

क्रिम्पवाला
लँडलाइनच्या पाइपातून. विजेच्या पाइपातून अजिबात नको, तो कितीही मोकळा असला तरी. कारण वेग नाही, सुरक्षितता आहे: २३० व्होल्टच्या वायरचं आवरण कुठे सोललं गेलं तर तो दाब थेट राउटर आणि लॅपटॉपच्या धातूपर्यंत येतो.

जुनी वायरच ओढदोरी म्हणून वापरा, पण थेट तिला केबल बांधू नका. आधी तिच्या टोकाला नायलॉनची मजबूत दोरी बांधून ती पलीकडे काढा, मग दोरीला केबल. वायर आतच तुटली तरी पाइप वाया जात नाही, इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग घालून दोरी नेता येते. केबलचं टोक दोरीला १० सेंटिमीटरभर चिकटपट्टीने निमुळतं गुंडाळा, गाठीचा फुगवटा कोपऱ्यात अडकतो. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं. चार जोड्यांच्या केबलला ओढण्याची मर्यादा ११० न्यूटन आहे, म्हणजे ११ किलोच्या वजनाइतका ताण. अडकली तर हिसका देऊ नका, मागे घेऊन परत या. ताणाने पीळ लांबतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वळण केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान नको, कॅट ६ ला साधारण अडीच सेंटिमीटरची त्रिज्या धरा.

भिंतीतल्या केबलला कनेक्टर लावण्यापेक्षा दोन्ही टोकांना कीस्टोन सॉकेट (भिंतीवरच्या डब्यात बसणारं लॅनचं सॉकेट) लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकसंध तार रोज वाकवण्यासाठी नसते. सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंत १ मीटरची तयार पॅच कॉर्ड. सॉकेटवर रंगांची पट्टी असते, त्यातला ‘बी’चा क्रम बघून तारा दाबा. हा क्रम कनेक्टरसारखा दिसत नाही, कारण आतल्या आत जोडण्या फिरवलेल्या असतात. इथे मोजत बसू नका, पट्टीवरचे रंगच पाळा. पंचिंग टूलची (तारा सॉकेटच्या खाचेत दाबायचं हत्यार) धारेची बाजू बाहेरच्या दिशेला ठेवा, नाहीतर जोडलेलीच तार कापली जाते. डब्यात २०-३० सेंटिमीटर केबल सैल गुंडाळून ठेवा, सॉकेट बदलायची वेळ आली तर उपयोगी पडते.

आरपार कनेक्टर चालतात, रंग बाहेर वाचता येतात हा मोठा फायदा. पण त्यांना तारा कापणारं पातं असलेलं वेगळं टूल लागतं. साध्या टूलने दाबून नंतर ब्लेडने तारा कापल्या तर टोकं बाहेर राहतात आणि पोर्टात एकमेकींना टेकू शकतात.

गिरगाव ते ग्रँट रोड
इथे मी थोडा वेगळा. कॅमेऱ्याला वीज जाणार असेल तर आरपार कनेक्टर वापरू नये. तांब्याची उघडी टोकं समोर राहतात आणि पावसाळ्यात मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत ती हिरवी पडतात. त्यात तारेतून ४८ व्होल्टच्या आसपास दाब असला की गंज लवकर धरतो. बंद तोंडाचाच घ्या.

गॅलरीसाठी वेगळी केबल: काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची, बाहेरच्या वापराची. आतली करड्या पीव्हीसीची केबल उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकते. ग्रिलमधून आत आणताना भोकाच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल, केबलवरून घरात येणार नाही. कॅमेऱ्याकडचा जोड उघडा ठेवू नका, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या वॉटरप्रूफ टोपणातच बसवा. टोपण केबलवर आधी ओवायचं आणि मग क्रिम्प करायचं, बुटासारखंच.

तार शुद्ध तांब्याचीच हवी. ८०२.३-ए-एफ (लॅन केबलमधून वीज द्यायचं मानक) मध्ये स्विच १५.४ वॉटपर्यंत देतो. ॲल्युमिनियमच्या तारेत त्यातला मोठा वाटा उष्णतेत जातो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो.

मुलुंडकर
नवे कनेक्टर, ५६८-बी क्रम. पाइपात घालायच्या आधीच १८ मीटर जमिनीवर पसरून तपासली: लिंक १०००, आयपर्फवर (वेग मोजायचा प्रोग्राम) दोन्ही दिशांना ९४० एमबीपीएस. दुसरी एक केबलही बनवली, ती मात्र १०० वरच येते, पण अगदी स्थिर. क्रम तीनदा वाचला, बरोबर आहे.

तांबडी तार
१०० ला फक्त १, २, ३ आणि ६ लागतात. जोडणी स्थिर आहे म्हणजे त्या चार ठीक आहेत. ४, ५, ७, ८ पैकी एक तार टेकलेली नाही. टेस्टर लावून दोन्ही कनेक्टर हलकेच हलवा, बहुतेक ७ किंवा ८ चा दिवा लुकलुकेल. कडेची तपकिरी जोडी ढकलताना मागे राहते, तिचाच दोष जास्त वेळा सापडतो. त्याच टूलने एकदा पुन्हा दाबून बघा. नाही जमलं तर ज्या टोकाला दिवा हलतो, फक्त तेच टोक कापा.